नर असाच, मादी तशीच: हे रक्तातलं की शिकवलेलं?

टेकडीवाली
एरंडवण्यात आमच्या सोसायटीमागे एक जुना आंबा आहे. त्याच्या ढोलीत गेल्या महिन्यापासून राखी धनेशाची मादी स्वतःला कोंडून बसली आहे. ढोलीचं तोंड चिखल आणि विष्ठेनं लिंपलेलं, मधे चोच बाहेर येईल एवढीच फट. नर दिवसभर खेपा घालतो. गळ्यात उंबरं साठवून आणतो, फांदीवर बसतो, एकेक उंबर गळ्यातून वर काढून चोचीच्या टोकाशी घेतो आणि फटीतून आत देतो. परवा एका खेपेला मी अकरा उंबरं मोजली. त्यातलं एक खाली पडलं, तर तो मान तिरकी करून किती तरी वेळ खाली बघत बसला होता.

माझा सात वर्षांचा मुलगा हे रोज गच्चीवरून बघतो. त्याला बाळांचं भारी वेड. शेजारी सात महिन्यांचं बाळ आहे, शाळेतून आला की हा तिकडेच. गेल्या रविवारी घरी पाहुणे होते. हा बाळाला मांडीवर घेऊन नाचणीची पेज भरवत होता. चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावून गरम आहे का बघायचा, मग बाळाच्या तोंडाशी न्यायचा. ते बघून एका नातेवाइकांनी सगळ्यांदेखत म्हटलं, "अशानं बायल्या होईल हा." सगळे हसले. रात्री झोपताना त्यानं मला विचारलं, "आई, बायल्या म्हणजे काय गं?"

माझे सासरे, आप्पा, हसले नव्हते. पण नंतर ते शांतपणे मला म्हणाले, "अगं, निसर्गातच तसं आहे. नरानं लढायचं, मादीनं पिल्लं सांभाळायची. जनावरांना कोण शिकवायला जातं?" मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून हा धागा. प्राण्यांमध्ये नर-मादीचं वागणं जन्मजात किती आणि शिकलेलं किती? ज्यांनी वाचलंय, पाहिलंय, जनावरं पाळली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुनापेठकर
मुलाला कुणी तसं बोलणं चूकच, आधी ते सांगतो. पण तुमच्या आप्पांचं म्हणणं अगदी वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही.

धनेशाचा नर कष्टाळू आहे, मान्य. पण त्याची मादी कित्येक आठवडे अंधारात कोंडलेली असते. धनेशाचा बाप आदर्श मानायचा तर ती कोठडीही मानावी लागेल. पक्ष्यांमध्ये आईबाप दोघं मिळून पिल्लं वाढवतात हे सर्रास दिसतं. आपण मात्र सस्तन प्राणी. सस्तन प्राण्यांत नर पिल्लांकडे बघतो अशा जाती शंभरात जेमतेम पाच-दहा. दूध मादीला येतं, गर्भ तिच्या पोटात वाढतो, तिथूनच दोघांच्या वाटा फुटतात.

दुसरं म्हणजे खेळण्यांचे प्रयोग. २००२ साली व्हर्वेट माकडांसमोर खेळणी ठेवली, तर नर चेंडू आणि गाडीपाशी जास्त रमले, माद्या बाहुली आणि भांड्यापाशी. २००८ साली ऱ्हीसस माकडांवर तसाच प्रयोग झाला, तिथेही नरांनी चाकाची खेळणी निवडली. माकडांना कुणी निळं-गुलाबी शिकवलेलं नाही, की जाहिराती दाखवलेल्या नाहीत. सगळंच समाजानं लादलेलं आहे, हे मला पटत नाही.

पशुवैद्य_हडपसर
पंचवीस वर्षं गाईगुरांत काढली आहेत, त्यातलं पाहिलेलं सांगतो.

जनावराचं वागणं संप्रेरकांवर चालतं, हे शेतकऱ्याला प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी माहीत होतं. म्हणून तर खोंड खच्ची करतात. पूर्वी बडवायचे, आता चिमटा लावतात. तोच खोंड ठेवला तर वळू होतो, मानेवर वशिंड चढतं, गोठ्यात शिरताना माणूस दबकून शिरतो. खच्ची केला की बैल, पोरगंही त्याला पाण्यावर नेतं.

त्याहून थक्क करणारी गोष्ट जुळ्यांची. गाईला जुळं झालं आणि त्यात एक खोंड, एक कालवड असेल, तर ती कालवड बहुतेक वेळा गाभणच राहत नाही. जुने लोक सांगतात, "जुळ्यातली कालवड ठेवू नये." कारण असं की गाईच्या पोटात दोन्ही वारांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात आणि भावाची संप्रेरकं बहिणीच्या रक्तात उतरतात. अशा कालवडींत शंभरात नव्वदहून जास्त वांझ निघतात. काही तर मोठेपणी वळूसारख्या इतर गाईंवर चढतात. आईच्या पोटातले काही आठवडे जन्मभराचं वागणं बदलून टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण याला दुसरी बाजूही आहे. कुत्रं खच्ची करून घ्यायला लोक आणतात तेव्हा विचारतात, "आता भांडणं थांबतील ना?" भटकणं, जागोजागी मुतून खुणा करणं, चढणं, हे बऱ्याच अंशी कमी होतं. भांडणाची मात्र मी कधी हमी देत नाही, कारण भांडण त्यानं शिकलेलं असतं. बोक्यांवर १९५८ साली एक अभ्यास झाला होता. ज्या बोक्यांना समागमाचा अनुभव होता ते खच्ची झाल्यावरही कित्येक महिने तसेच वागत राहिले. ज्यांना अनुभव नव्हता ते लगेच थंड पडले. दोघांचीही शस्त्रक्रिया एकच होती, पण मागचं आयुष्य वेगळं होतं.

नितळ
डॉक्टरांनी गर्भातल्या संप्रेरकांचा विषय काढलाच आहे, तर १९५९ चा गिनीपिगचा अभ्यास सांगायलाच हवा. गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिलं, तर पोटातल्या माद्या जन्मल्यावर मोठेपणी नरासारख्या वागल्या. या विषयाची अख्खी शाखा त्या एका शोधनिबंधावर उभी राहिली. तेव्हापासून समजूत अशी पक्की झाली की मेंदूवर नर किंवा मादी असा शिक्का पोटातच बसतो.

मग १९८० च्या दशकात सेलिया मूर या संशोधिकेनं एक साधी गोष्ट पाहिली. उंदरीण पिल्लांना चाटते, शेपटीखालचा भाग जास्त चाटते, कारण त्याशिवाय पिल्लांना शू होत नाही. आणि ती नर पिल्लांना मादी पिल्लांपेक्षा जास्त चाटते. नर पिल्लांच्या लघवीचा वास वेगळा असतो, तो तिला ओढतो. मूर यांनी आईला वास येणार नाही अशी व्यवस्था केली. तिचं चाटणं कमी झालं, आणि ती नर पिल्लं मोठी झाल्यावर त्यांचं नराचं वागणंही मंदावलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं. पिल्लाचं संप्रेरक वास बदलतं, वास आईचं चाटणं बदलतो, चाटणं पिल्लाचा मेंदू घडवतं. यात जन्मजात कुठे संपलं आणि संगोपन कुठे सुरू झालं, ती रेघ कुणी दाखवावी. पिठात पाणी घातल्यावर कणकेतलं पाणी वेगळं काढून दाखवा म्हणण्यासारखं आहे ते.

जुनापेठकर, खेळण्यांच्या प्रयोगाबद्दल एक शंका. व्हर्वेट माद्या भांड्यापाशी रमल्या म्हणता, पण माकडीण स्वयंपाक करत नाही. तिच्या लेखी ते भांडं काय आहे? ते 'बायकी' खेळणं ठरवलं माणसांनी. ऱ्हीसस प्रयोगातही नरांचा कल चाकांकडे स्पष्ट होता, माद्या मात्र दोन्ही प्रकारांशी खेळत होत्या. काहीतरी फरक आहे हे मी नाकारत नाही. तो नेमका कशातला आहे, रंग, हालचाल, पोत की आणखी काही, ते त्या प्रयोगातून कळत नाही.

आणि टेकडीवाली, तुमच्या मुलाच्या संदर्भात उंदरांचाच आणखी एक अभ्यास सांगते, १९६७ चा. कधीही न व्यायलेल्या माद्यांजवळ आणि नरांजवळ रोज नवी पिल्लं ठेवली. सुरुवातीला त्यांनी दुर्लक्ष केलं. पण आठवडाभरात नरसुद्धा पिल्लं तोंडात धरून घरट्यात आणायला, चाटायला, त्यांच्यावर पाखर घालून बसायला लागले. बाळंतपण नाही, दूध नाही, आईची संप्रेरकं नाहीत. फक्त पिल्लांचा सहवास.

कवडीपाटची_वारी
मी दर रविवारी पहाटे पक्षी बघायला कवडीपाटला जातो, वीस वर्षं होत आली.

आपल्या भाषेनं आपल्याला किती फसवलंय ते बघा. 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी. घरकामात निपुण ती सुगरण. शाळेत पाठ केलेल्या कवितेतही खोपा तीच बांधते. प्रत्यक्षात मांजरी, लोणी काळभोरच्या बाजूला विहिरीवर झुकलेल्या बाभळी बघा पावसाळ्यात. उसाच्या पानाची कड चोचीत धरून सर्रकन दोरा सोलणारा, तो घेऊन उडणारा, उलटं लटकून गाठी मारणारा पक्षी पिवळ्या टोपीचा असतो, म्हणजे नर. अर्धं घरटं झालं की मादी येते. आत शिरते, इकडेतिकडे ओढून बघते. पसंत पडलं तर राहते, मग तो पुढची नळी विणून काढतो. नाही पडलं तर उडून जाते. पसंत पडलेल्या घरट्यात मादी अंडी घालते आणि हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे सगळं सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला बसून नोंदवलं.

मग विणणं जन्मजात का? आफ्रिकेतल्या सुगरणीच्या एका भाईबंदावर १९६० च्या दशकात कोलियास या संशोधक दांपत्यानं काम केलं. कोवळ्या नरांना हिरवं गवत मिळूच दिलं नाही, तर पुढे त्यांना धड विणता येईना. ज्यांना लहानपणापासून गवत मिळालं, ते गाठी सोडवत, चुकत, पुन्हा विणत तयार झाले. आपल्याकडेही पहिल्या वर्षीच्या नरांची घरटी लगेच ओळखू येतात, विसविशीत, वेडीवाकडी. ओढ उपजत आहे. हात मात्र बसवावा लागतो.

कोकिळेचंही तेच. सुरेल बाईला आपण गानकोकिळा म्हणतो, पण या मे महिन्यात पहाटे चारला 'कुहू' करून झोपमोड करणारा काळा पक्षी नर आहे. आणि तळ्यावरचा कमळपक्षी बघा. मादी मोठी, ती हद्द राखते, दुसऱ्या माद्यांशी भांडते, एकामागून एक तीन-चार नरांसाठी अंडी घालते. अंडी उबवणं, पिल्लं पंखाखाली धरून नेणं हे सगळं नराकडे. पंखाखालून पिल्लांचे लांब पाय लोंबताना मी स्वतः पाहिलेत. जणू एकाच पक्ष्याला दहा पाय.

उंबराचं_झाड
तरसाचं उदाहरण नेहमी दिलं जातं, त्यात गल्लत होऊ नये म्हणून लिहितो. माद्यांचं राज्य असतं ते आफ्रिकेतल्या ठिपकेदार तरसांत. आपल्या सासवड-सुप्याच्या माळावर असतात ती पट्टेरी तरसं, त्यांचं वागणं निराळं. ठिपकेदार तरसाच्या कळपात सर्वांत खालची मादीसुद्धा बाहेरून आलेल्या नराच्या वरच्या पायरीवर असते. वरच्या दर्जाच्या आईच्या शरीरात गाभण असताना पुरुषी संप्रेरकं जास्त असतात आणि तिची पिल्लं जास्त आक्रमक होतात, असं २००६ साली दिसलं. पण पिल्लाचा दर्जा ठरतो तो आई भांडणात मधे पडून त्याची बाजू घेते तेव्हा. म्हणजे पुन्हा दोन्ही.

जुनापेठकर
उंदरीणीच्या चाटण्याची गोष्ट मला माहीत नव्हती. ती वाचून मी माझं एक वाक्य मागे घेतो. 'दूध मादीला येतं, तिथूनच वाटा फुटतात' हे मी फार सरळसोट लिहिलं.

पण एक प्रश्न कायम आहे. आपण सगळे आपल्याला आवडणारे प्राणी निवडतोय. धारवाडजवळ १९६० च्या दशकात जपानी संशोधक सुगियामा यांनी वानरांच्या टोळ्या पाहिल्या, पुढे सारा हर्डी या संशोधिकेनं माउंट अबूला पाहिल्या. नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा तो अंगावरची पिल्लं मारतो, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात. धनेशाचा बाप निसर्गातला, तसा हाही निसर्गातलाच. मग निसर्गाचा दाखला नेमका कशासाठी द्यायचा?

मीनाक्षी_औंध
तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि तो तुमच्या पहिल्या प्रतिसादालाही तितकाच लागू आहे. वानर पिल्लं मारतो म्हणून कुणी माणसाला तशी मुभा देत नाही. मग सिंह पिल्लांना भरवत नाही म्हणून सात वर्षांच्या मुलाच्या हातातला चमचा का काढून घ्यायचा?

शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलांना भीमाशंकरला घेऊन जायचे, तिथे वानरांच्या टोळ्या निवांत बघायला मिळत. नव्या पिल्लाचा रंग काळसर असतो, ते लगेच डोळ्यांत भरतं. पहिल्या दिवसांपासून ते एका मादीकडून दुसरीकडे फिरतं. अजून न व्यायलेल्या तरण्या माद्या सर्वांत उतावळ्या. एकदा एकीनं पिल्लू चक्क उलटं धरलं होतं, डोकं खाली, आणि ते किंचाळत होतं. शेवटी आईनं येऊन ओढून घेतलं. आईपण उपजतच येत असतं तर तिला पिल्लू सरळ धरता आलं असतं. प्रयोगशाळेत आईविना, एकटं वाढवलेल्या ऱ्हीसस माद्यांना पुढे स्वतःची पिल्लं झाली, तेव्हा कित्येकींनी त्यांना जवळही घेतलं नाही, काहींनी मारलं. हार्लो यांचे ते प्रयोग वाचताना मला आजही त्रास होतो.

आणि ऱ्हीसस नर? रानात तो पिल्लाला सहसा हात लावत नाही. पण १९७० च्या दशकात आई नसलेल्या पिल्लांबरोबर एकेका नराला ठेवलं, तर ते त्यांच्याशी खेळू लागले, त्यांच्या अंगावरचं निवडू लागले. क्षमता होतीच. आया असताना ती बाहेर पडायचं कारणच नव्हतं.

चिंपांझींत फरक दिसतात हे मी लपवणार नाही. युगांडातल्या किबालेत कोवळ्या माद्या काठी बाळासारखी कवटाळून फिरतात, नर क्वचित. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. पण आया अशा काठ्या बाळगत नाहीत, म्हणजे लहानगी हे एकमेकांत शिकत असावीत. टांझानियातल्या गोंबेत चिंपांझींच्या वाळवी काढायच्या बाबतीतही तेच, ती कला मुली मुलग्यांपेक्षा सरासरी दोन वर्षं आधी शिकतात, कारण त्या आईच्या हाताकडे बघत बसतात आणि मुलगे उड्या मारत असतात. बघत बसण्याचा कल कदाचित उपजत असेल, कला मात्र बघूनच येते.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते केनियातल्या बबून माकडांचं. रॉबर्ट सपोल्स्की हे संशोधक तिथल्या एका टोळीचा अभ्यास करत होते. शेजारच्या टोळीच्या हद्दीत पर्यटकांच्या लॉजचा उकिरडा होता. तिथे जाऊन भांडून खाणारे नर म्हणजे टोळीतले सर्वांत दांडगे. १९८० च्या दशकात तिथल्या दूषित मांसातून क्षय पसरला आणि ते सगळे मेले. उरले मवाळ नर आणि माद्या. टोळी शांत झाली. बबूनमध्ये वयात आलेले नर जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातात, त्यामुळे दहा वर्षांत तिथले सगळे नर बाहेरून आलेले होते. तरीही शांतपणा टिकला. दांडगाईत वाढलेले नर इथे येऊन कमी दांडगाई करायला लागले. हे २००४ साली प्रसिद्ध झालं. बबूनचा नर म्हणजे मारामारी, असं पाठ्यपुस्तकं म्हणत आली होती.

शब्दसखी
मी अभ्यासक नाही. माझा मुलगा सातव्या महिन्यात झाला. मला ताप होता, मला त्याच्याजवळ जाऊ देत नव्हते. तिथल्या एका सिस्टरनी माझ्या नवऱ्याला शर्ट काढून बसायला सांगितलं आणि पोर त्याच्या छातीवर ठेवलं. रोज चार-पाच तास, एकोणीस दिवस. मुलगा आता अकरावीत आहे, पण आजही ताप आला की बाबालाच हाक मारतो.

नंतर कुठेतरी वाचलं, फिलिपिन्समध्ये सेबूला ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन लग्नाआधी आणि बाप झाल्यावर तपासलं होतं. बाप झालेल्यांचं चांगलंच उतरलं होतं, आणि जे रोज तीन तासांहून जास्त वेळ मुलांना देत, त्यांचं सर्वांत कमी होतं. २०११ चा अभ्यास आहे. वाचलं तेव्हा मला ते एकोणीस दिवस आठवले.

टेकडीवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. जुनापेठकर, तुमचेही, तुम्ही अडवलं नसतं तर मीनाक्षीताईंनी इतकं लिहिलं नसतं.

काल रात्री आप्पांना हा धागा वाचून दाखवला. खोंडाच्या प्रतिसादाला ते मान हलवत होते. जुळ्यातली कालवड त्यांच्या घरीही झाली होती म्हणाले. बबूनपाशी गप्प झाले. उंदराच्या नरांचं मी वाचलं तेव्हा त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, "किती दिवस म्हणालीस?" "आठवडा."

मग बऱ्याच वेळानं बोलले. ते नऊ-दहा वर्षांचे असताना गावाकडे गाय विताना मेली. वासरू जगलं. आप्पा त्याच्याजवळ गोठ्यात झोपायचे. कापडाचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून त्याच्या तोंडात धरायचे, रात्रीतून तीन-तीनदा उठून. त्याला कोमट दूध लागायचं, म्हणून वाटी पोटाशी धरून बसायचे. "तेव्हा मला कुणी काही म्हटलं नाही," आप्पा म्हणाले. "गुराखी होतो ना."

त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. आज सकाळी मुलगा पेजेची वाटी घेऊन शेजारी निघाला, तेव्हा आप्पांनी त्याला थांबवलं. वाटीला बाहेरून हात लावून पाहिला आणि म्हणाले, "अजून गरम आहे. जरा थांब, मग ने."